ताम्हिणीची वळणं तोंडपाठ

आमच्या फ्रिजवर लावलेल्या फुलस्केप कागदात कोणीतरी पेन्सिलीनं ढवळाढवळ करतंय, हे पितृपक्षाच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं.

कागद माझा होता आणि बेतही माझा. दसऱ्याला निघायचं, ताम्हिणी घाट उतरून कोकणात शिरायचं, दिवेआगर, हरिहरेश्वर, मग गाडी फेरीबोटीत घालून खाडी ओलांडायची आणि दापोली, गुहागर करत चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून परत. सहा दिवस. पाऊस संपलेला, घाटात सोनकी पिवळीधमक, खाली भात कापणीला आलेलं, आणि ऑक्टोबरचं ऊन अजून अंगावर यायचंय, असे हे मोजके दिवस असतात. पस्तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे मोहीम कागदावर आखायला मला छान जमते. प्रत्यक्ष मोहिमेचा अनुभव जरा कमी पडतो.

कागदाच्या तळाशी मी एक ओळ लिहून तिला दोनदा अधोरेखित केलं होतं: 'गाडी मीच चालवणार.' तसं कोणी विचारलेलं नव्हतं. कोणी विचारलेलं नसताना माणूस असं का लिहितो, हे एखाद्या चाणाक्ष माणसाला लगेच कळलं असतं. आमच्या घरात चाणाक्ष माणसं दोन आहेत, बायको आणि मुलगी.

आता खरं काय ते सांगून टाकतो. गेल्या हिवाळ्यापासून दिवेलागणीनंतर समोरच्या गाडीचे दिवे मला शेवंतीच्या फुलासारखे पसरलेले दिसायला लागले होते. ते फूल मिटेपर्यंत रस्ता, फुटपाथ आणि फुटपाथवरचा माणूस यांत मला फारसा फरक करता येत नसे. दिवसा सगळं ठीक. संध्याकाळ झाली की गडबड. मी हे कोणालाही सांगितलं नाही. सांगितलं की किल्ली जाणार, आणि शाळा सुटल्यापासून माझ्या ताब्यात म्हणून जी एक गोष्ट उरली होती ती ही किल्ली. म्हणून मी संध्याकाळची लग्नं टाळायला लागलो. "हल्ली संध्याकाळी रस्त्यावर माणसं नाहीत, माथेफिरू असतात," असं म्हणायला लागलो. आमच्या इमारतीच्या पार्किंगमधल्या खांबाला गाडी घासली, तेव्हा "खांब पुढे आलाय" असं म्हणालो. आठवड्याभरात सोसायटीच्या फळ्यावर सूचना आली: 'पार्किंगमधील खांबास पिवळे-काळे पट्टे मारण्यात आले आहेत. ही सूचना कोणाही एका सभासदास उद्देशून नाही.' नारायण पेठेत राहिलेल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही.

तर माझा मूळ बेत असा होता: दसऱ्याची पूजा, साग्रसंगीत जेवण, दुपारी दोनला प्रस्थान, साडेचार-पाचला घाट, आठला दिवेआगर. सीमोल्लंघन तिसऱ्या प्रहरीच करायचं असतं, असा ऐतिहासिक आधारही मी जोडला होता. म्हणजे डोळ्यांची तक्रार असलेला माणूस मुद्दाम तिन्हीसांजेला घाट उतरायचं ठरवत होता. कारण साधं होतं. अंधाराला भिणारा माणूस असा बेत करेल का? मी स्वतःच्या बाजूनं पुरावा तयार करत होतो.

आणि त्या पुराव्यावर पेन्सिल चालली होती. 'दुपारी २' खोडून 'सकाळी ६.४५' झालं होतं. 'घाट ५' चं 'घाट ९'. बेतातल्या दुसऱ्या दिवसाच्या 'समुद्राकाठच्या रस्त्यानं गाडी चालवत सूर्यास्त' या माझ्या लाडक्या ओळीवर बारीक अक्षरात आलं: 'सूर्यास्त गाडी थांबवून.'

मी बायकोला विचारलं, "कागदात कोणी हात घातलाय का?"

"कोणत्या कागदात?" ती म्हणाली. फ्रिजवर एकच कागद होता.

मुलीला विचारलं. ती हिंजवडीला नोकरी करते, पहाटे कंपनीच्या बसनं जाते, आणि घरी असते तेव्हाही अर्धी तिकडेच असते. "बाबा, कागदावर प्लॅन कोण करतं? मी शीट शेअर करते, मग हिस्टरीमध्ये दिसेल ना कोणी एडिट केलं ते." हिस्टरीत काय दिसतं हे मला एक पोरगी शिकवत होती. मी तो प्रस्ताव फेटाळला आणि घरातल्या सगळ्या पेन्सिली गोळा करून माझ्या कपाटात कुलूपबंद केल्या. दुसऱ्या दिवसापासून बदल निळ्या पेनानं व्हायला लागले.

माझा संशय मेहुण्यावर होता. बायकोचं माहेर धायरीचं. तिथं पूर्वी यांची शेती होती, आता तिच्यावर इमारती उभ्या आहेत आणि मधोमध मेहुण्याचं वीसेक गुंठे रान उरलंय, त्यात तो झेंडू लावतो. माणूस चांगला आहे. पण एकदा त्यानं आम्हाला कोल्हापूरला नेलं होतं. एक हात खिडकीबाहेर, आणि दर दहा मिनिटांनी मला उद्देशून, "दाजी, असं चालवायचं असतंय." तेव्हापासून माझ्या सुकाणूवर त्याचा डोळा आहे, असं माझं मत होतं.

त्यात बायकोचं वागणं बदललं होतं. रोज सकाळी साडेसहाला ती "फिरायला" जायला लागली. जन्मात चपलेशिवाय काही न घातलेल्या बाईनं कॅनव्हासचे बूट आणले. परत यायची तेव्हा बुटांना काळी माती असायची. पेठेत काळी माती कुठून येणार? फोन आला की ती गॅलरीत जायची, आणि एकदा मला ऐकू आलं, "त्यांना अजून काही कळलेलं नाही."

एके दिवशी मी तिच्या मागावर निघालो. मागावर जायचं म्हणून टोपी घातली. मी कधी टोपी घालत नाही, त्यामुळे कोपऱ्यावरच्या दूधवाल्यानं "सर, आज टोपी?" असं गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. तेवढ्यात नदीपात्राच्या रस्त्याला मेहुण्याची गाडी थांबलेली आणि बायको तिच्यात बसून गेलेली मला दिसली. कट पक्का होता. बहीण-भाऊ मिळून माझी किल्ली काढून घेणार, मेहुणा चालक होणार, आणि मी मागच्या सीटवर चिवड्याच्या डब्याशेजारी बसणार.

यावर मी जो उपाय काढला, तो फक्त मास्तरच काढू शकतो. मी ताम्हिणी घाट पाठ करायचं ठरवलं.

विचार असा: घाटातली वळणं जर क्रमानं तोंडपाठ असतील, तर दिसण्या-न दिसण्याचा प्रश्न येतोच कुठे? माझ्या विद्यार्थ्यांनी अख्खं पानिपत काहीही न समजता पाठ केलं होतं आणि चांगले गुण मिळवले होते. त्यासाठी एकदा जाऊन घाट उतरवून घ्यायला हवा होता. मी बायकोला सांगितलं, "बँकेत जाऊन येतो. हयातीचा दाखला द्यायचाय."

"बरं," ती म्हणाली. "दोन पोळ्या देऊ का चार?"

"बँकेत पोळ्या कशाला?"

"रांग असेल ना."

तिनं चार पोळ्या, बटाट्याची भाजी आणि पाण्याची मोठी बाटली दिली. बँक आमच्या घरापासून चालत चार मिनिटांवर आहे आणि मी हातात गाडीची किल्ली घेऊन उभा होतो. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, हे मला चांदणी चौक ओलांडल्यावर आठवलं.

सकाळच्या लख्ख उजेडात मी घाट उतरलो. प्रत्येक वळणानंतर गाडी कडेला घ्यायची, वहीत लिहायचं, पुढे जायचं. मागून येणारे लोक माझ्याबद्दल जे बोलले ते मी वहीत घेतलं नाही. वळणं नुसती लक्षात राहत नाहीत, म्हणून प्रत्येकाला खूण जोडली. 'निळी ताडपत्री, डावं. कणसाची गाडी, उजवं. बसलेली म्हैस, डावं आणि लगेच परत डावं. लाल साडी वाळत घातलेली, मोठं उजवं.' अशी बेचाळीस. पोळ्या मी घाटाच्या पायथ्याशी खाल्ल्या. चार कमी पडल्या.

मग पाठांतर सुरू झालं. आंघोळ करताना, दाढी करताना, भाजी आणताना. रविवारी मुलीनं बाथरूमच्या दारावर टकटक केली.

"बाबा, आत कोण आहे तुमच्याबरोबर?"

"कोणी नाही. का?"

"तुम्ही कोणाला तरी म्हैस म्हणताय."

"श्लोक आहे."

"श्लोकात म्हैस?"

बाहेर दोघींचं कुजबुजणं ऐकू आलं आणि मग बायकोचा आवाज, "असू दे गं. म्हणू दे त्यांना." ही दया मला फार संशयास्पद वाटली. आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली. 'म्हणू दे त्यांना' हे वाक्य तिनं त्यापूर्वी एकदाच वापरलं होतं, माझ्या सेवानिवृत्तीच्या भाषणाच्या वेळी.

खंडेनवमी आली. आमच्या घरी त्या दिवशी ज्याच्या त्याच्या कामाची हत्यारं पाटावर मांडून पूजा करतात. माझं पूर्वी खडू आणि डस्टर असायचं, हल्ली गाडीची किल्ली. मुलीचा लॅपटॉप. बायकोची विळी. पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी त्यांना हात लावायचा नाही, असा नियम आहे. मी अंघोळ करून, बेचाळीसही वळणं एका दमात म्हणून बाहेर आलो आणि पाटासमोर थबकलो. किल्ली होती, लॅपटॉप होता, विळी होती. आणि विळीच्या शेजारी, हळदकुंकू लावलेली, वर झेंडूचं फूल ठेवलेली, एक कोरी करकरीत पांढरी पाटी होती. तिच्यावर लाल रंगात इंग्रजी एल. शिकाऊ चालकाच्या गाडीला लावतात ती.

झेंडू घेऊन आलेला मेहुणा सोफ्यावर बसून चहा पीत होता. मी पाटी पाहिली, मेहुण्याकडे पाहिलं, आणि तीन आठवड्यांचा तपास एका वाक्यात मांडला.

"बावीस वर्षं गाडी चालवतोय मी, आणि तू मला शिकाऊ ठरवतोस?"

"आँ?" मेहुणा म्हणाला.

"माझ्या कागदात वेळा बदलल्यास. रोज सकाळी हिला घेऊन जातोस. मला सगळं माहीत आहे. तुला माझी गाडी चालवायचीय."

"तुमची गाडी?" त्यानं कप खाली ठेवला. "दाजी, तिचा क्लच हाय का नुसती पाय ठेवायला फळी हाय? मला फुकट दिली तरी नगं."

"मग ही पाटी कोणाची?"

"ते मी न्हाई सांगणार. आक्कानं शपथ घातलीया."

मुलीनं कानातले इअरफोन काढले. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी व्हायची ती नेमकी तेव्हाच झाली, आणि ती संपल्यावर बायको पदराला हात पुसत बाहेर आली.

"पाटी माझी आहे," ती म्हणाली.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"लर्निंग लायसन्स काढलंय मी. याच्या रानात शिकतेय रोज. झेंडूची एक सरी गेली माझ्यापायी."

"दोन," मेहुणा म्हणाला. "पण गिअर चांगला टाकती. टाकणारच की. लगीन व्हायच्या आधी आमचा ट्रॅक्टर तीच चालवायची."

चौतीस वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी कधी विचारलं नव्हतं. मी शाळेतल्या मुलांना शेकडो माणसांचे पराक्रम पाठ करायला लावले होते आणि घरात एक ट्रॅक्टर चालवणारी बाई पोळ्या लाटत होती.

"पण कशासाठी?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं. तरी विचारलं.

"खांब पुढे आला असं म्हणालात ना, त्या दिवशी कळलं," ती म्हणाली. "त्याच्या आधी दोन महिने तुम्ही संध्याकाळी समोरच्या काकूंना नमस्कार केला होतात. तिथे काकू नव्हत्या. वाळत घातलेला गाऊन होता."

मुलगी खिडकीकडे वळून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

"मग सरळ विचारायचं मला."

"विचारलं असतं तर काय केलं असतंत?"

मुलगी खिडकीतूनच म्हणाली, "लेक्चर. पानिपतापासून."

"म्हणून म्हटलं विचारायचं नाही," बायको म्हणाली. "वेळा बदलायच्या. दिवसा तुम्हाला दिसतंय तोवर तुम्ही चालवा. घाट तुम्हीच उतरा सकाळी. ऊन कललं की मी घेईन. आणि लर्निंगवाल्याच्या शेजारी लायसन्सवाला माणूस बसावाच लागतो. तो मी कुठून आणू?"

"माझ्याकडं बघू नगा," मेहुणा म्हणाला. "माझी बाजारची धावपळ हाय."

मी 'विचार करतो' असं म्हणालो. जेवायला बसलो, दोनदा श्रीखंड घेतलं, पण विचार काही केला नाही. दुपारी फ्रिजसमोर उभा राहून कागद नव्यानं वाचला. माझ्या अधोरेखित ओळीत एक खूण करून वर एक शब्द घातला होता. आता ती अशी होती: 'गाडी साडेचारपर्यंत मीच चालवणार.' आणि सहाव्या दिवसाच्या खाली, 'पुणे आगमन' च्या पुढे: 'दिवाळीनंतर डोळ्यांचे डॉक्टर. मंगळवार. नंबर लावला आहे.' हे किती दिवस तिथं होतं कोणास ठाऊक. मी वेळांवर पाळत ठेवून होतो. तळाकडे माझं लक्षच नव्हतं, कारण तिथलं वाक्य मी स्वतः लिहिलेलं होतं.

दसऱ्याला सकाळी पावणेसातला निघालो. मुलीला रजा नव्हती, तिनं खिडकीतून हात केला. पार्किंगमधून गाडी मी काढली, खांबाला दोन हात अंतर ठेवून, सभासदांनी बघावं अशा बेतानं. पाटी डिकीत होती. तिच्याबद्दल मी हो म्हणालो नव्हतो आणि नाहीही. माझा गुप्त बेत वेगळा होता. दिवेआगरला लवकर पोचायचं, जेवण भराभर उरकायचं, आणि साडेचारच्या आत तो समुद्राकाठचा रस्ता संपवून हरिहरेश्वरला गाडी उभी करायची. म्हणजे पहिला दिवस तरी पूर्ण माझा.

घाटात मी पाठांतर सुरू केलं. मोठ्यानं, कारण आता लपवण्यासारखं काही नव्हतं.

"आता निळी ताडपत्री. मग डावं."

"ताडपत्री कुठे आहे?" बायकोनं विचारलं.

नव्हती. पाऊस संपला होता, ताडपत्री गुंडाळून गेली होती. कणसाची गाडीही गेली. लाल साडी तर कधीच वाळली असणार. म्हैस भेटली, पण ती चार वळणं पुढे, उभी आणि उलट्या तोंडाची. बेचाळीस वळणांच्या खुणा मी ज्या लावल्या होत्या, त्यातली एकही जागची राहणारी नव्हती. बायको हसली नाही. तिनं डोंगराकडे तोंड केलं आणि बराच वेळ सोनकी पाहिली.

तरी घाट छान उतरला. उजेड होता, दिसत होतं. एकला आम्ही दिवेआगरच्या एका घरगुती खानावळीत पानावर बसलो. मी भराभर जेवलो. बायको जेवत होती. तिनं सोलकढी दोनदा मागितली. मालकीणबाईंना उकडीच्या मोदकाची पारी कशी करता विचारलं. पारी बघायला आत गेली. बाहेर येऊन तिसरा मोदक घेतला, मग चौथा. मग मालकीणबाईंची पोफळीची बाग बघायला गेली. मी अंगणात येरझाऱ्या घालत घड्याळ बघत होतो. आम्ही गाडीत बसलो तेव्हा साडेचारला वीस मिनिटं होती.

मी पटकन स्टिअरिंगवर बसलो. ती शेजारी बसली. गाडी मागे घेऊन वळवायची होती. पोफळीच्या खोडांमधून तिरपं ऊन थेट काचेवर येत होतं, एक पट्टा उजेडाचा, एक सावलीचा, आणि काच सगळी पांढरी. मला वाटलं, समोर मोकळं अंगण आहे. मी गाडी पुढे घेतली. मालकीणबाई ओट्यावरून "अहो, अहो, गडगा" म्हणाल्या आणि मी ब्रेक दाबला.

गडगा म्हणजे अंगणाचं कमरेएवढं चिऱ्याचं कुंपण होतं. बंपरपासून हातभर लांब. गडग्यावर त्यांची सहा-सात वर्षांची नात पाय सोडून बसली होती, ती आता उभी राहून आमच्याकडे बघत होती.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, 'गडगा पुढे आलाय', तेच, खांबाच्या वेळचं. ओठापर्यंत आलं. त्या पोरीकडे बघितलं आणि ते तिथंच राहिलं.

मी इंजिन बंद केलं. खाली उतरलो, डिकी उघडून पाटी काढली. तिच्यावरचं हळदकुंकू अजून तसंच होतं. सुतळीनं ती पुढच्या बाजूला बांधायला मला बराच वेळ लागला, आणि बायको तोवर गाडीतच बसून होती, उजवीकडच्या सीटवर सरकलेली. मी डावीकडून आत बसलो आणि किल्ली तिच्या हातात दिली.

"कमी आहेत का अजून साडेचारला?" तिनं विचारलं.

"पाच मिनिटं."

"मग थांबू का?"

"नको."

तिनं आरसा सारखा केला, सीट पुढे घेतली, आणि मी बावीस वर्षांत कधी घातला नसेल इतक्या हळुवारपणे पहिला गिअर घातला. गाडी गडग्याला बगल देऊन रस्त्याला लागली. उजवीकडे समुद्र आला. मी एक डोळा तिच्या पायांवर ठेवून होतो, क्लच कधी सोडते, ब्रेक कधी दाबते. चूक एकही सापडेना.

"पुढे वळण कसं आहे?" तिनं विचारलं.

"हा रस्ता माझा पाठ नाही."

"मग बघा नुसतं बाहेर."

मी बाहेर बघितलं. ऊन पाण्यावर आडवं पसरलं होतं आणि मला ते सगळंच्या सगळं एक मोठं शेवंतीचं फूल दिसत होतं. चालवायचं नसल्यामुळे ते चांगलं दिसत होतं. माझ्या बायकोला मोदक मुळीच आवडत नाहीत, हे मला शेखाडी गाव ओलांडल्यावर आठवलं.